हलगीवरचा ट्रॅक स्वतंत्र लेबलवर कसा काढायचा

गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरात रिमिक्सला तोटा नसतो. राजारामपुरीत आगमनाला एक वाजतो, महाद्वार रोडवर विसर्जनाला दुसरा, आणि पितृपक्ष सरेपर्यंत त्यातले बरेच कॉपीराइटच्या तक्रारीनं यूट्यूबवरून उडालेले असतात. कारण ठरलेलं आहे. किक (खालचा दणकट ठोका) आणि बेस आपला, गाणं मात्र उचललेलं. असा ट्रॅक डॉल्बीवर कितीही गाजला तरी लेबल, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी कंपनी, त्याला हात लावत नाही, कारण मूळ कंपनीचा दावा आला की भुर्दंड लेबलला बसतो.

हलगी, घुमकं (खालच्या आवाजाचं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजा) मात्र इथंच हाताशी आहेत. ते स्वतः रेकॉर्ड केलं की त्या ध्वनिमुद्रणाचे मालक तुम्ही. पुढचं सगळं, म्हणजे लेबल, बीटपोर्ट (डीजेंना ट्रॅक विकणारं संकेतस्थळ) आणि दुसऱ्याकडून रिमिक्स करून घेणं, या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी हक्काचं बघा

‘साठ वर्षं झाली की गाणं मोकळं’ हे अर्धंच खरं. भारतात ध्वनिमुद्रण ज्या वर्षी प्रसिद्ध झालं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं त्यावर हक्क राहतो. म्हणजे १९६४ मध्ये निघालेली तबकडी २०२४ संपल्यावर मोकळी झाली. पण तो फक्त तबकडीचा हक्क. चाल आणि शब्द यांचा हिशोब वेगळा असतो, संगीतकार आणि गीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. त्यामुळं जुनी तबकडी मोकळी असूनही गाणं अडकलेलं असू शकतं. संतांचे अभंग, परंपरेतली गोंधळाची पदं, जात्यावरच्या ओव्या यांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. मात्र एखाद्या गायकानं अलीकडं गायलेलं तेच पद उचलणं ही चोरीच. गल्लीतल्या आजींकडून ओवी गाऊन घ्या आणि स्वतः रेकॉर्ड करा, म्हणजे प्रश्न मिटला.

कव्हरचा परवाना काढून रिमिक्स करू, असंही काही जण म्हणतात. तो रस्ता इथं चालत नाही. कायद्यातलं कव्हर म्हणजे गाणं नव्यानं गाऊन-वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण, आणि तेही मूळ निघालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी. रिमिक्समध्ये मूळ आवाजच वापरलेला असतो, त्यामुळं कंपनीची लेखी परवानगी लागतेच.

रेकॉर्डिंग

फरशीच्या खोलीत हलगी वाजवली तर प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून परत येतो, आणि तो घुमारा नंतर कशानंही निघत नाही. कुस्तीच्या तालमीत जागा मिळाली तर उत्तम. हौद्यातली लाल माती आवाज पिते. वस्तादांची परवानगी घ्या, दुपारची रिकामी वेळ धरा, चपला बाहेर काढा आणि स्टँड हौद्याच्या काठावर लावा. वर पत्रा असेल तर पावसाळ्यात हा बेत नको, पत्र्यावरची सर प्रत्येक मायक्रोफोनमध्ये उतरते.

पावसाळ्यात दुसरीही अडचण असते. दमट हवेत कातड्याचं पान सैल पडतं. शेकून चढवलं तरी थोड्या वेळात स्वर खाली येतो, आणि पहिल्या व शेवटच्या टेकमधले ठोके एकमेकांना जुळत नाहीत. म्हणून तीन-चार मिनिटांचेच टेक घ्या आणि प्रत्येक टेकआधी पान पुन्हा शेका. दोन हलग्या असतील तर एक वाजताना दुसरी शेकोटीजवळ ठेवा. फायबरच्या पानाला हे लागत नाही, पण त्याचा आवाज जरा कोरडा आणि टणक येतो. टेक्नोला तो चालून जातो, हाउसला कातडंच हवं.

एक डायनॅमिक मायक्रोफोन, शुअरचा एसएम ५७ पुरे, पानापासून २५ सेंटीमीटरवर, रोख मधोमध न धरता कडेकडे. दुसरा कंडेन्सर दीड मीटरवर, वादकाच्या डोक्याइतक्या उंचीवर, १० डीबीचा पॅड (आत येणारा आवाज कमी करणारी कळ) लावून. हलगीचा कडाका फसवा असतो. चाचणीच्या वेळी वादक हातचं राखून वाजवतो आणि रंगात आला की लेव्हल ६ डीबी वर जाते. म्हणून चाचणीत सर्वांत मोठा ठोका उणे १२ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

दोन मायक्रोफोनमध्ये सव्वा मीटरचा फरक आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे लांबच्यात ठोका ३.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही तसेच मिसळले तर हलगी पत्र्याच्या डब्यासारखी पोकळ वाटते. लांबचा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे पडद्यावर डावीकडं, सरकवा, मग अंग भरतं.

कैताळचा आवाज सगळ्या मायक्रोफोनमध्ये सांडतो, म्हणून तिघांना एकत्र बसवून अखेरचं रेकॉर्डिंग करू नका. पण वेगवेगळं वाजवायची त्यांना सवय नसते. आधी तिघांचा एकत्र टेक घ्या आणि तोच हेडफोनवर ऐकवत प्रत्येकाचा स्वतंत्र टेक घ्या. टिकटिक करणारा मेट्रोनोम हलगीवाल्याला वैताग आणतो. त्याऐवजी एका कानात साधी किक द्या आणि दुसरा कान मोकळा ठेवा. शेवटी सुटे ठोके घ्यायला विसरू नका, हळू, मध्यम आणि जोरात, प्रत्येकी वीसेक. ट्रॅकमधली भोकं बुजवायला तेच उपयोगी पडतात.

वादकांना पैसे त्याच दिवशी द्या आणि मराठीतच एक पान लिहून सही घ्या: काय वाजवलं, कशासाठी वापरणार, किती दिले, नाव कुठं छापणार. आपल्या कायद्यात वादकाचा हक्क ५० वर्षं राहतो आणि लेबल हा कागद मागतंच.

ठेका आणि किक यांचं भांडण

इथं सर्वांत जास्त ट्रॅक फसतात. हलगीचे बरेच चालते ठेके तिनाच्या वजनाचे आहेत, आणि सॉफ्टवेअरची जाळी चाराची. १२६ बीपीएमला (मिनिटाला १२६ बीट) एक बीट ४७६ मिलिसेकंदांचा. त्याचे तीन भाग केले तर प्रत्येक १५९ चा, चार केले तर ११९ चा. चाळीस मिलिसेकंदांचं हे अंतर क्वांटाइझनं, म्हणजे ठोके जाळीवर आपोआप बसवणाऱ्या सोयीनं, ओढून बसवलं की हलगी लंगडते. मग लोक म्हणतात, वादक कच्चा होता. वादक बरोबरच असतो. ग्रिड, म्हणजे ती जाळी, ट्रिप्लेटवर (तिनाच्या भागांवर) न्या, किक चारचीच राहू द्या, आणि हाय-हॅट हलगीच्या मागून चालवा, तिच्या विरुद्ध नको.

एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प (रेकॉर्डिंग ताणून लयीत बसवणं) करताना प्रत्येक ठोक्याला खुंटी मारू नका, फक्त प्रत्येक बारच्या (चार बीटच्या आवर्तनाच्या) समेला मारा. आतले ठोके जिथं पडले तिथं राहू द्या. फारच विस्कटलेलं असेल तर क्वांटाइझ ५० टक्के, त्याहून जास्त नाही. वादक रंगात आला की लय चढते. ती चढण बारच्या हिशेबानं सपाट करा, पण मूळ फाइल जपा. लय चढत जाणारा तो तुकडा ब्रेकडाउनमध्ये किकशिवाय तसाच सोडला की नाद खुळा होतो.

किकचा मूळ स्वर ५० ते ५५ हर्ट्झच्या आसपास ठेवा. घुमक्याचा कुठं आहे ते स्पेक्ट्रमवर बघा. ते किकजवळ येत असेल तर दोन्ही एकाच जागी दणकतील आणि दोन्ही हरवतील. अशा वेळी घुमकं ८० हर्ट्झखाली कापा आणि साइडचेननं (एक आवाज आला की दुसरा आपोआप दाबणारी जोडणी) किकच्या वेळी ३ ते ४ डीबी दाबा, रिलीज (दाब सुटायचा वेळ) सुमारे १२० मिलिसेकंद. बेस याहून जास्त दाबला तरी चालतो. १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो करा. हलगीचा ३ ते ५ किलोहर्ट्झमधला कडाका मोबाइलवर गोड लागतो आणि डॉल्बीच्या टॉपवर कान फाडतो, तिथं डायनॅमिक ईक्यूनं (पट्टा चढला तेवढ्यापुरता दाबणाऱ्या साधनानं) २-३ डीबी उतरवा.

मांडणी डीजेला सोयीची हवी. सुरुवातीचे ३२ बार फक्त किक आणि ताल, म्हणजे १२६ बीपीएमला सुमारे एक मिनिटभर, आणि शेवटही तसाच. एकूण १९२ बार केले तर ६ मिनिटं ६ सेकंद होतात. दर १६ बारला स्वतःचं नाव पुकारणारा टॅग मात्र काढून टाका. मिरवणुकीत तो मिरवतो, लेबलकडं पाठवलेल्या फाइलमध्ये तो पहिल्याच मिनिटाला तुम्हाला बाद करतो.

डॉल्बीवर एकदा तरी ऐकाच. ओळखीच्या साउंडवाल्याला गाठा, गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीकडच्या एखाद्या शेडमध्ये, दिवसा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम चाचणीलाही लागू आहे. औद्योगिक भागाची दिवसाची मर्यादा ७५ डेसिबल आहे, निवासी भागाची ५५. १८ इंची बेसवर पहिल्यांदा ऐकल्यावर बहुतेकांना स्वतःचा बेस निम्मा करावासा वाटतो. करा. साउंडवाला तसाही खालचा पट्टा चढवूनच ठेवतो.

लेबलकडं जाताना

मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथं) लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन) न लावता, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डीबीवर राहील अशी फाइल मास्टरिंगला द्या. क्लबसाठी उणे ८ ते ९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) पुरे. स्पॉटिफाय तसंही उणे १४ च्या आसपास खाली ओढतं, त्यामुळं याहून ओरडण्यात हशील नाही.

लेबल निवडताना आधी त्यांचे शेवटचे दहा रिलीज ऐका. दिल्लीच्या किल्ला रेकॉर्ड्सचा ओढा टेक्नोकडं आहे, तिथं ओवीवरचा गोड हाउस पाठवून काही होणार नाही. रस्त्यावरच्या तालाला जगासमोर आणणारी लेबलं बाहेर आहेत: युगांडातल्या कंपालाचं न्येगे न्येगे टेप्स टांझानियाचा सुसाट सिंगेली काढतं, लिस्बनचं प्रिन्सिपे तिथल्या उपनगरांतल्या डीजेंचं संगीत. हलगीला ‘विदेशी’ वळण न देता पाठवायची असेल तर अशांची ध्वनिमुद्रणं बारकाईनं ऐकावीत, मिक्स किती खडबडीत ठेवतात ते कळतं.

डेमो म्हणजे साउंडक्लाउडची खासगी लिंक, डाउनलोड चालू ठेवून, दोन ट्रॅक, फार तर तीन. जोडफाइल नको. वीस लेबलांना एकच मेल तर नकोच, वरती सगळ्यांचे पत्ते दिसतात. मेलमध्ये चार ओळी पुरेत: ताल कुठला, कुणी वाजवला, सॅम्पल कुणाचं नाही, ट्रॅक अजून कुठं निघालेला नाही. महिनाभर थांबा, एकदा आठवण करा, मग पुढचं लेबल.

होकार आला की कागद नीट वाचा. हक्क कायमचा देण्याऐवजी तीन ते पाच वर्षांचा परवाना द्या. कागदात मुदत लिहिलीच नसेल तर आपल्या कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. खर्च वजा जाता निम्मं-निम्मं ही छोट्या लेबलांची रूढ वाटणी आहे, पण ‘खर्च’ म्हणजे काय ते लिहून घ्या, नाहीतर कव्हरच्या चित्रापासून प्रमोच्या ईमेलपर्यंत सगळं त्यात जातं. संगीतकार म्हणून मिळणारा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेबलला लिहून देता येत नाही. तसं कलम कागदात दिसलं तर खोडायला सांगा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या.

लेबल तुमच्या ट्रॅकचा रिमिक्स दुसऱ्याकडून करून घेणार असेल तर स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या सुट्या फाइल, लागतात. सगळ्या फाइल शून्यापासून सुरू, सारख्या लांबीच्या, २४ बिट वेव्ह. हलगी जवळची, हलगी लांबची, घुमकं, कैताळ, सगळं सुटं. रिव्हर्ब लावलेलं आणि न लावलेलं दोन्ही द्या. बीपीएम आणि पट्टी फाइलच्या नावातच असू द्या, आणि ठेका तिनाचा आहे हेही लिहा, परदेशातला रिमिक्सर पहिल्यांदा तिथंच ठेचकाळतो. प्रत्येक रिमिक्सला स्वतंत्र आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) हवा. तोच ट्रॅक पुढं संकलनात गेला तर मात्र जुनाच क्रमांक चालतो. भारतात हे क्रमांक इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, बहुतेक वेळा वितरक स्वतःच लावून देतो.

तारीख

फाइल हातात आल्यापासून लेबलला आठ ते दहा आठवडे लागतात: वितरकाला चार, त्याआधी डीजेंना प्रमो, स्पॉटिफायवर संपादकांकडं किमान सात दिवस आधी नोंद. गणपतीला ट्रॅक बाहेर हवा असेल तर आषाढी एकादशीच्या दोन-तीन आठवडे आधी मास्टर दिलेला पाहिजे. अधिक श्रावण आला तर महिना जास्त मिळतो. बीटपोर्टवर माल लेबल आणि वितरकामार्फत जातो, बँडकॅम्पवर स्वतःलाही चढवता येतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतं, पैसे देण्याघेण्याचं शुल्क वेगळं, आणि रक्कम पेपलमार्फत येते.

एक गोष्ट लेबलशी आधीच बोलून ठेवा: यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचा ट्रॅक आपोआप ओळखून दावा लावणारी यंत्रणा. तयार सॅम्पल पॅकमधला एखादा लूप ट्रॅकमध्ये असेल तर त्यावर कंटेंट आयडी लावता येत नाही, कारण तोच लूप शंभर जणांनी वापरलेला असतो आणि दावे एकमेकांवर आदळतात. सगळं स्वतःचं असेल तर लावा, पण धोरण ‘ब्लॉक’ नको, ‘जाहिरात’ ठेवा. नाहीतर तुमचाच ट्रॅक वाजवणाऱ्या मंडळांच्या मिरवणुकीचे व्हिडिओ उडतील. ओळखीच्या साउंडवाल्यांच्या चॅनेलची यादी रिलीजच्या आधीच लेबलला द्या, म्हणजे त्यांच्यावर दावाच पडणार नाही.