चेहरा वाकडा झाल्यास आधी कपाळ पाहा

कापूस वेचणीच्या दिवसांत वावरात गेलेली बाई दुपारी तांब्याने पाणी पिताना मध्येच थांबते, कारण पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून पदरावर ओघळत असते. "तोंडात पानी राहूनच नाही राह्यलं," एवढेच ती म्हणते. आमच्या भागात अशा वेळी "वारं लागलं" किंवा "लकवा मारला" असे म्हटले जाते, आणि हे शब्द कानामागच्या नसेच्या आजारालाही लावले जातात व मेंदूच्या झटक्यालाही. माझ्या काकांचे तोंड वाकडे झाले तेव्हा वारं लागल्याचे ठरवून घरच्यांनी अख्खी सकाळ तेल चोळण्यात घालवली. त्यांच्या कपाळावर आठ्या दोन्ही बाजूंनी सारख्याच पडत होत्या, पण त्याचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. त्यांचा उजवा हात पुढे कधीच पूर्ववत झाला नाही.

तो अर्थ कळण्यासाठी चेहऱ्याची रचना एकदा स्वतःच्या बोटांनी चाचपून घ्यावी. कानातली बारीक हाडे सोडली तर कवटीत २२ हाडे असतात. ८ मेंदूभोवती आणि १४ चेहऱ्याची. त्यांतले खालच्या जबड्याचे हाड तेवढे हलते. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले की त्याचा सांधा सरकताना जाणवतो. आता कानाच्या पाळीमागचा टणक उंचवटा चाचपा. त्याच्या किंचित पुढे, खोलवर, एका लहानशा छिद्रातून चेहऱ्याची नस कवटीबाहेर येते. डॉक्टर तिला फेशियल नर्व्ह किंवा सातवी नस म्हणतात. गालगुंडात जी ग्रंथी सुजते तिच्यात शिरून या नसेच्या पाच मुख्य शाखा होतात, आणि त्या कपाळ, डोळा, गाल, ओठ व मान येथील स्नायूंना हालचालीचा हुकूम पोचवतात. छिद्रापर्यंत येताना ही नस हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिथे ती सुजली तर पसरायला जागा नसल्यामुळे दाबली जाते, आणि त्या बाजूचा अर्धा चेहरा, कपाळासकट, ढिला पडतो. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये या नसेवर लिहिले होते, म्हणून या आजाराला बेल्स पाल्सी हे नाव पडले.

मेंदूच्या झटक्यात चित्र वेगळे दिसते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात, तर ओठांना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या भागाकडूनच. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला इजा झाली तर ओठ ओघळतो, पण कपाळावर आठ्या पडतच राहतात.

तपासताना माणसाला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवावे. प्रथम भुवया वर करायला सांगून दोन्ही बाजूंच्या आठ्या पाहाव्यात. मग डोळे घट्ट मिटायला सांगावे. नस दुखावली असेल तर त्या बाजूची पापणी पूर्ण मिटत नाही आणि बुबूळ वर गेल्यामुळे पांढरा भाग दिसतो. हे पाहून घरचे फार घाबरतात, परंतु बुबूळ वर जाणे स्वाभाविक आहे. त्यानंतर दात दाखवायला आणि गाल फुगवायला सांगावे. गालाचा स्नायू सैल असेल तर घास, किंवा खर्रा, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये अडकून राहतो. दात आवळल्यावर जबड्याच्या कोपऱ्याशी लागणारा स्नायू मात्र दोन्हीकडे टणकच लागतो, कारण चावण्याचे स्नायू पाचव्या नसेच्या ताब्यात असतात. गालाच्या त्वचेची जाणीवही तीच नस वाहते. म्हणून बोंडातला कापूस गालावर हलकेच फिरवून पाहावा. स्पर्श कळत नसेल, किंवा त्वचेवर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. वरोऱ्याच्या आनंदवनाचा शेजार असलेल्या आपल्या मुलखाने तरी हा आजार लपवू नये.

शेवटी दोन्ही हात समोर उचलायला आणि एखादे वाक्य बोलायला सांगावे. हात खाली येत असेल, जीभ जड झाली असेल, तोल जात असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर कपाळ कसेही असो, मेंदूचा झटका समजून १०८ ला फोन करावा. नुसता ओठ ओघळला आणि आठ्या शाबूत असल्या, तरीही हेच करावे. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच आणि सीटी स्कॅननंतरच देता येते. खेड्यातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जाण्यातच त्यातला मोठा भाग संपतो. म्हणून सीटी स्कॅन जिथे आहे तिथेच थेट नेण्याचा आग्रह धरावा. तोंडात पाणी किंवा औषध घालू नये.

केवळ नसेचा आजार वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर लाभ अधिक होतो. कानात पुरळ किंवा फोड असतील तर तेही सांगावे. बहुतेक माणसे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरी होतात, पण तोवर न मिटणाऱ्या डोळ्याची काळजी घरच्यांनीच घ्यायची असते. सोयाबीन किंवा तुरीच्या मळणीची धूळ त्यात गेली तर बुबुळावर जखम होते आणि कायमची दृष्टी जाऊ शकते. दिवसा चष्मा आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब वापरावेत. रात्री मलम घालून, वरची पापणी बोटाने अलगद खाली ओढून, ती पूर्ण मिटल्याची खात्री झाल्यावरच वरून कागदी चिकटपट्टी लावावी.