अन्नतंत्रज्ञान आणि पोषण शिकताना या चुका टाळा

प्रात्यक्षिकाची वही तपासताना ‘निरीक्षण’ या शब्दाखाली ‘पदार्थ छान झाला, सर्वांना आवडला’ एवढंच दिसलं की मला वाईट वाटतं. तासभर राबून त्या मुलाने काम केलेलं असतं आणि हक्काचे गुण मात्र गेलेले असतात. या विषयात पदार्थ कसा झाला हे बघतातच, पण तो तसा का झाला हे सांगता आलं पाहिजे.

पांढरा सॉस घ्या. गरम दुधात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात. वहीत कारण येतं, ‘नीट ढवळलं नाही’. हे कारण अपुरं आहे. एक गुठळी चमच्यात घेऊन सुरीने मधोमध कापून बघा. बाहेर चिकट, चकचकीत थर आणि आत कोरडं पांढरं पीठ! पिठातले स्टार्चचे कण साधारण 60 अंश सेल्सिअसपासून पाणी शोषून फुगू लागतात. गरम दुधात बाहेरचे कण लगेच फुगतात, त्यांचं वेष्टण तयार होतं आणि आतल्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणून पीठ आधी गार दुधात कालवायचं, नाहीतर लोण्यात परतून घ्यायचं. कण सुटे राहतात. एवढं लिहिलंत तर फसलेल्या सॉसचंही प्रात्यक्षिक वाया जात नाही. तेव्हा बिघडलेला पदार्थ लपवून टाकून देऊ नका. आधी तो कापा, बघा, त्याचं चित्र काढा.

दुसरी चूक जरा हुशार मुलांची. केक मधोमध खचला म्हणून पुढच्या वेळी साखर कमी, तापमान जास्त आणि वेळही वाढवलेला. केक फुलतो, पण कशामुळे फुलला ते कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. पीठ वाटीने न घेता ग्रॅममध्ये तोला, कारण दाबून भरलेली आणि सैल भरलेली वाटी सारखी नसते. आणि ओव्हनचं दार मधेच उघडू नका. अंड्यातली प्रथिनं गोठून आणि स्टार्च फुगून केकचा सांगाडा पक्का होण्याआधी गार हवा लागली की आतले बुडबुडे आकसतात.

संज्ञांचा घोळ तर नेहमीचाच. पदार्थ तपकिरी झाला की सरसकट ‘कॅरमलीकरण’ लिहितात. कॅरमलीकरण नुसत्या साखरेचं होतं. पावाचा वरचा भाग खरपूस होतो तो मुख्यतः मेलार्ड अभिक्रियेमुळे. तिला साखरेबरोबर अमिनो आम्लंही लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्ड यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. आणि कापलेलं सफरचंद काळं पडतं ते विकरांमुळे (एन्झाइममुळे), तिथे उष्णतेचा संबंधच नाही. उत्तर लिहिण्याआधी स्वतःला विचारा: इथे उष्णता आहे का? प्रथिनं आहेत का?

पोषणाच्या गणितात ऊर्जा काढताना मुलं पदार्थाच्या पूर्ण वजनालाच 4 ने गुणतात. तसं नाही. वेष्टनावर 10 ग्रॅम प्रथिनं, 20 ग्रॅम कर्बोदकं आणि 5 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतील, तर 40 + 80 + 45 म्हणजे 165 किलोकॅलरी. प्रथिनांना आणि कर्बोदकांना 4 ने, पण स्निग्ध पदार्थांना 9 ने गुणायचं, हे विसरूच नका. किलोज्यूलमध्ये हवं असेल तर 17, 17 आणि 37 ने गुणा. आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, तेही आधी वाचा.

फ्रीजमध्ये जंतू मरतात असं लिहू नका. थंडीत त्यांची वाढ मंदावते. उणे 18 अंशांना ती थांबते, पण वितळल्यावर ते पुन्हा कामाला लागतात. 5 ते 60 अंशांचा पट्टा धोक्याचा, हे प्रात्यक्षिकाच्या टेबलावरही लक्षात असू द्या.

राहिली चवचाचणी. मैत्रिणीला ‘कसं लागलं?’ विचारलं तर ती ‘मस्त’ म्हणणारच; तुमचं मन राखते बिचारी. शिवाय नमुन्यांना ‘अ’ आणि ‘ब’ नावं दिली की ‘अ’ आपोआप सरस वाटू लागतो. म्हणून 472, 815 असे कसेही निवडलेले तीन अंकी आकडे द्या. सगळे नमुने सारख्याच भांड्यांत, सारख्याच तापमानाला ठेवा. दोन नमुन्यांच्या मधे पाणी प्यायला लावा आणि प्रत्येकाला नमुने वेगळ्या क्रमाने द्या. कोणता आकडा कोणत्या नमुन्याचा, तो कागद मात्र सगळ्यांची मतं लिहून होईपर्यंत घडी घालून वहीतच ठेवा.