केस गळतायत? कढई चढवण्याआधी हे बघा

पितृपक्षात दादरच्या बाजारात माका येतो. श्राद्धाला चार पानं लागतात, उरलेल्या जुडीचं तेल होतं. आमच्याकडेही होतं. पण माक्याने केस उगवल्याचे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत. म्हणून आधी आपली गळती कोणती ते ओळखा.

दिवसाला 50 ते 100 केस सगळ्यांचेच जातात. पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढा. पाच-सहांपेक्षा जास्त हातात आले तर गळती खरी. मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप किंवा बाळंतपण झालं होतं का, आठवा. पावसाळ्यात डेंग्यू, दिवाळीला गळती, होळीपर्यंत बहुतेकांचे केस आपसूक जागेवर. श्रेय मात्र त्या मधल्या तेलाला!

कांद्याचा रस चाईसाठी, म्हणजे गोल, गुळगुळीत चकती पडली असेल तर. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 23 जणांनी तो दिवसातून दोनदा लावला. सहा आठवड्यांत 20 जणांना केस फुटले. नुसतं पाणी लावणाऱ्या 15 पैकी दोघांनाच. प्रयोग लहान, शिवाय चाई कधी कधी आपोआपही भरते. करायचंच असेल तर कांदा किसून फडक्यातून पिळा, कोपराच्या आत थेंब लावून एक दिवस थांबा. लाली आली तर सोडून द्या. वासाचं काय, ते लोकलमधल्या शेजाऱ्यांना विचारा.

भांग रुंदावत असेल किंवा कपाळ मागे सरकत असेल, तर कांदा वाया जाईल. तिथे रोझमेरीचं तेल जरा उजवं. 2015 साली इराणी अभ्यासात सहा महिन्यांनी ते मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाच्या 2 टक्के द्रावणाच्या बरोबरीचं ठरलं. तीन महिन्यांपर्यंत मात्र दोन्हींपैकी कशानेच फरक पडलेला दिसला नव्हता. दोन चमचे खोबरेलात पाच थेंब, जास्त नको.

खोबरेलाने नवे केस येत नाहीत, असलेले कमी तुटतात. धुण्याआधी लावल्यास केसांतलं प्रथिन कमी झिजतं, हे 2003 साली मुंबईतल्याच संशोधकांनी दाखवलं (ते तेलकंपनीतलेच होते, हेही लक्षात ठेवा). कोंडा असेल तर रात्रभर ठेवू नका.

टाळूला खाज, पू, किंवा गळती सहा महिन्यांहून जुनी असेल, तर मुंबईतल्या केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारा, आणि आजवर काय काय लावलं तेही सांगा, कांद्यासकट.