सोयाबीन मिळून विकायचं, तर पैसा माणशी नको, क्विंटलमागे उभा करा

शेतकरी उत्पादक कंपनीत तीनशे सभासद आणि प्रत्येकी हजाराचा शेअर, म्हणजे तीन लाख जमा. भाव ४,५०० धरला तर अडीचशे क्विंटलच्या एका ट्रकला सव्वाअकरा लाख लागतात. मग चार संचालक पदरचे पैसे घालतात, नफा मात्र तीनशे जणांत सारखा वाटला जातो. पुढच्या हंगामात ते चौघेही हात आखडतात. हे टाळायचं तर ज्याचा माल जास्त, त्याचाच पैसा जास्त अडकला पाहिजे.

पेरणी झाली की प्रत्येकाकडून किती क्विंटल आणणार ते लिहून घ्या आणि क्विंटलमागे १०० रुपये अनामत घ्या. करारात ‘माल देण्याबद्दलची अनामत’ असेच शब्द असू द्या. माल आला की ती हिशोबात वळती करायची. आणला नाही तर जप्त. पीक खरंच बुडालं असेल तर परत द्या, पण ते संचालकांनी शेतावर जाऊन पाहिल्यावरच. अनामत पन्नास ठेवलीत आणि गावातला व्यापारी रोख पंचाहत्तर जास्त देऊ लागला, तर माल तिकडेच जाणार.

हजार क्विंटलची नोंद झाली तर अनामतीचे एक लाख आणि शेअरचे तीन, असे चार लाख हाती येतात. एवढ्यावर पूर्ण ट्रक भरायला जाऊ नका. शंभर-शंभर क्विंटलच्या फेऱ्या करा. वजन झाल्यावर ७० टक्के द्या, ३० टक्के राखून ठेवा. एका फेरीला ३,१५,००० लागतात, बारदाना-हमाली-भाड्याला ८५,००० उरतात. माल घेणाऱ्या मिलचे पैसे आले की राखीव रक्कम चुकती करा, मगच पुढची फेरी. किमतीचा काही भाग मागाहून, रोख किंवा शेअरच्या रूपात द्यायची मुभा कंपनी कायद्याच्या उत्पादक कंपन्यांवरील प्रकरणात आहे.

काट्यावर सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण फुकटेपणा तिथे डोळ्यांना दिसत नाही. १४ टक्के ओलाव्याचं पोतं १२ टक्क्यांवर आणलं की शंभर किलोचे ९७.७ उरतात. सरसकट एकच दर लावलात, तर हे सव्वादोन किलो ज्याने माल उन्हात नीट वाळवला त्याच्या खिशातून जातात. दोन हंगामांत तो चांगला शेतकरी बाहेर विकू लागतो आणि कंपनीकडे ओलाच माल उरतो. म्हणून प्रत्येक पोत्याला ओलावा मोजायचं मीटर लावा आणि पावतीवर वजन, ओलावा, कपात, दर, राखीव रक्कम हे पाचही रकाने शेतकऱ्यासमोर भरा. मीटर दोन वेगवेगळ्या ठिकाणी खुपसून सरासरी घ्या; पोत्याच्या तोंडाशी वाळलेलं आणि तळाशी ओलं, हा प्रकार नेहमीचा.

हंगामाअखेरचा बोनस पावत्यांवरील क्विंटलनुसार वाटा. शेअरवरचा परतावा वेगळा, मर्यादित ठेवा. काटा सांभाळणाऱ्या संचालकाचे दिवसही भांडवलच आहे, त्याला क्विंटलमागे ठरलेली रक्कम खर्चातच धरा.

कंपनीने फळ्यावर दर लावला की गावातला व्यापारीही भाव चढवतो आणि बिगर सभासदाचाही फायदा होतो. तो रोखता येत नाही, रोखायच्या भानगडीतही पडू नका. बोनस मात्र सभासदांनाच.

मतदान एका सभासदाला एक मत असंच असतं, त्यामुळे कधी पोतंही न आणणारे वाटणीचा नियम बदलू शकतात. किती माल दिला म्हणजे सक्रिय सभासद, हे नियमावलीत आकड्यानिशी लिहा आणि मताचा हक्क त्यांच्यापुरताच ठेवा. कायदा त्याला परवानगी देतो. हे पहिल्या खरेदीआधीच करा. नंतर ठराव मांडलात, तर ज्यांचा हक्क जाणार तेच त्याच्या विरोधात मत देतील.