गाडीत लावायच्या सीडीवर नाव घालताना

स्टीलचे नवे भांडे घेतले की दुकानातच त्याच्यावर नाव घालून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. घरी भरलेल्या गाण्यांच्या सीडीलाही नाव लागतेच, नाहीतर सहा महिन्यांनी सगळ्या चकत्या सारख्याच दिसतात. फक्त इथे भांड्यासारखे कोरून चालत नाही, आणि वहीसारखे लेबल चिकटवूनही चालत नाही. गाडीतल्या टेपसाठी, म्हणजे डॅशबोर्डमधल्या सीडी प्लेयरसाठी, भरलेली सीडी असेल तर मुळीच नाही.

सीडीची खाच असलेल्या गाड्या अजून रस्त्यावर पुष्कळ आहेत. घाटात मोबाइलची रेंज गेली की फोनवरची गाणी अडकतात, सीडी चालूच राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन जोडत बसण्यापेक्षा चकती सरकवणे सोपे वाटते. म्हणून मी अजूनही गाडीसाठी सीडी भरतो आणि त्यांच्यावर नीट नाव घालतो. ते कसे, ते सविस्तर सांगतो.

स्टिकर का नको

काही वर्षांपूर्वी वडिलांसाठी अभंगांची एक सीडी केली होती. वर गोल छापील स्टिकर, त्यावर विटेवरच्या विठ्ठलाचे चित्र आणि खाली सुबक अक्षरात नावे. मे महिन्यात कोल्हापूरला जाताना साताऱ्याजवळ जेवायला थांबलो. गाडी दोन तास उन्हात उभी होती आणि सीडी टेपमध्येच होती. निघाल्यावर दीड अभंग वाजला, मग घर्रघर्र असा आवाज आला आणि टेप गप्प झाला. बटण दाबले तर सीडी बोटभर बाहेर आली आणि तिथेच अडली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टेप डॅशबोर्डमधून काढून उघडला. आतल्या रबरी रोलरला कागदाची सुरळी गुंडाळली गेली होती आणि वितळलेल्या डिंकाचा थर रोलरभर पसरला होता. विठ्ठलाचा अर्धा मुकुट त्याने चिमट्याने ओढून काढला. सीडी वाचली नाही, टेपचा रोलर बदलावा लागला.

घरच्या प्लेयरला ट्रे असतो, त्यावर सीडी नुसती ठेवायची असते. त्यामुळे स्टिकर लावलेली सीडी घरी वर्षानुवर्षे वाजते आणि आपला समज होतो की स्टिकरला काही हरकत नाही. गाडीतल्या टेपला ट्रे नसतो. अरुंद खाचेतून रोलर सीडीला पकडून आत ओढतात. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि खाच तेवढ्याच मापाला धरून केलेली. त्यावर कागद आणि डिंकाचा थर चढला की आधीच घट्ट बसते. उन्हात बंद गाडी तापली की डिंक सुटतो, पावसाळ्यात कागद दमट होऊन कडेला वळतो. रोलरला धरायला एवढा कोपरा पुरतो.

दुसरा त्रास फिरण्याचा. गाण्याची सीडी आतल्या कडेकडून बाहेर वाजत जाते. सुरुवातीला मिनिटाला साधारण ५०० फेरे, शेवटी शेवटी २०० च्या आसपास. स्टिकर केसभर जरी एका बाजूला बसला तरी फिरताना सीडी डगमगते, आणि खराब रस्त्यावर तर गाणे तुटायला लागते. डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. स्टिकरचा कागद आकसला की ती किंचित वाकते, म्हणून तिथे स्टिकर आणखी वाईट.

तेव्हा गाडीत जाणाऱ्या सीडीवर कागद, चिकटपट्टी, टिकली, किमतीचे लेबल, काहीही चिकटवायचे नाही. आधीच चिकटवलेले असेल तर सोलायला जाऊ नका. स्टिकरबरोबर खालचा चंदेरी थर उचलला जातो आणि गाणीच निघून येतात. त्या सीडीची कॉम्प्युटरवर दुसरी प्रत काढा आणि गाडीत ती ठेवा.

नाजूक बाजू कोणती

सीडी हातात घेतली की आपण खालची चकचकीत बाजू जपतो. तिला चरा पडू नये हे खरेच, पण खरी नाजूक बाजू वरची आहे, जिच्यावर आपण लिहितो. घरी भरायच्या सीडीत खालून जाड पारदर्शक प्लास्टिक असते, त्यावर रंगाचा थर, त्यावर प्रकाश परतवणारा धातूचा पातळ पत्रा आणि सगळ्यात वर लाखेसारखा संरक्षक लेप. गाणी असतात रंगाच्या थरात, म्हणजे लिहायच्या बाजूपासून अगदी जवळ. खालच्या चऱ्याला मध्ये एक मिलिमीटरहून जास्त प्लास्टिक आडवे येते, वरच्या चऱ्याला नुसता लेप.

बॉलपेनने दाबून लिहिले की तो लेप दबतो. बॉलपेनने नाव लिहिलेली जुनी सीडी प्रकाशासमोर धरून खालच्या बाजूने बघा, कधी कधी अक्षरे उलटी उमटलेली दिसतात. पेन्सिल, टोकदार जेल पेन, कर्कटक यांचेही तेच. उग्र वासाच्या, पेंटसारखी शाई असलेल्या मार्करचा धोका वेगळा. त्यातला द्राव हळूहळू लेपात मुरतो. आज काही कळत नाही, वर्षा-दोन वर्षांनी गाणे मध्येच अडखळते.

स्टेशनरीच्या दुकानात सीडी-डीव्हीडीसाठी म्हणून वेगळा मार्कर मागा. टोक मऊ, शाई पाण्यावर किंवा अल्कोहोलवर केलेली. रंग काळा घ्या. लाल शाई रात्री गाडीच्या छताच्या पिवळ्या दिव्यात दिसतच नाही.

आधी गाणी, मग नाव

नाव घालायचा क्रम बरेच जण उलटा करतात. कोरी सीडी घेऊन तिच्यावर आधी नाव लिहितात आणि मग भरायला बसतात. त्यात बोटांचे ठसे उठतात, धूळ बसते आणि भरताना चूक झाली तर नाव घातलेली सीडी फुकट जाते. आधी भरा, गाडीतच लावून पाहा, आणि ती गाडीने घेतली की मगच मार्कर उघडा. भरलेली आणि कोरी यांत गोंधळ झाला तर खालची बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. भरलेला भाग मधल्या भोकाकडून सुरू होतो आणि उरलेल्या कोऱ्या भागापेक्षा त्याची छटा किंचित वेगळी दिसते.

भरताना एक गोष्ट ठरवा, कारण ती नावात यायला हवी. ही ऑडिओ सीडी आहे की एमपीथ्रीची, म्हणजे गाणी आकसून लहान फाइली करून भरलेली? साधी ऑडिओ सीडी ८० मिनिटांची असते, म्हणजे पाच-पाच मिनिटांची सोळा भावगीते. ती बहुतेक कुठल्याही टेपमध्ये वाजते. एमपीथ्री असेल तर त्याच सीडीच्या ७०० एमबी जागेत मध्यम प्रतीची जवळजवळ बारा तासांची गाणी मावतात, पण जुने टेप ती ओळखत नाहीत आणि बाहेर टाकतात. पुन्हा पुन्हा पुसून भरता येणाऱ्या सीडीही जुन्या टेपला नीट वाचता येत नाहीत, कारण त्या प्रकाश कमी परतवतात. भरून झाल्यावर सीडी बंद करण्याचा, म्हणजे फायनलाइझचा पर्याय विसरू नका. बंद न केलेली सीडी कॉम्प्युटरवर वाजते आणि गाडीत गप्प बसते.

आतले नाव

सीडीच्या आतही नाव घालता येते, आणि गाडीत त्याचा फार उपयोग होतो. ऑडिओ सीडी भरताना सॉफ्टवेअरमध्ये सीडी-टेक्स्ट असा पर्याय असतो. तो चालू करून गाण्यांची नावे टाकली की ज्या टेपला ही सोय आहे त्याच्या पडद्यावर ती दिसतात. एमपीथ्रीला प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच असलेल्या माहितीच्या रकान्यांत, नाव आणि गायक लिहायचा.

इथे मन मारून रोमन अक्षरे वापरावी लागतात. गाडीच्या टेपना सहसा देवनागरी येत नाही, तिच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. नाव लहान ठेवा आणि ओळखीचा शब्द आधी घ्या. पडद्यावर एका वेळी जेमतेम आठ-दहा अक्षरे दिसतात, तिथे सगळ्या गाण्यांची नावे ‘श्री’ किंवा ‘अभंग’ अशीच सुरू झाली तर कुठले कुठले ते कळत नाही.

एमपीथ्री फाइलींच्या नावापुढे ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक इंग्रजी अंकांत घाला. काही टेप फाइलच्या नावाप्रमाणे गाणी लावतात. नुसते १, २ लिहिले तर एकनंतर दहा वाजते आणि दोन कुठेतरी मागे जाते. शंभराच्या वर गाणी असतील तर क्रमांक तीन आकडी करा.

प्रत्यक्ष लिहिताना

टेबल पुसून घ्या आणि त्यावर जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा धुतलेला मऊ तुकडा अंथरा. वर्तमानपत्र नको, त्यावर नेहमी बारीक कचकच असते. सीडी कडेला आणि मधल्या भोकाला धरून, लिहायची बाजू वर करून ठेवा. मार्करचे टोक आधी कागदावर दोनदा फिरवून घ्या म्हणजे पहिल्याच अक्षराला थेंब पडणार नाही.

सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे भोकाभोवतीचे पारदर्शक कडे. तिथे गाणी नसतात. रुंदी दीड सेंटीमीटरच्या आसपास, पण एक अक्षर आणि एक आकडा आरामात बसतो, आणि गाडीला तेवढेच लागते. मी अभंगांना ‘अ’, बालगीतांना ‘ब’, लावण्यांना ‘ल’ ठेवले आहे. म्हणजे अ-३ ही अभंगांची तिसरी सीडी. हीच खूण समोरासमोर दोनदा लिहा, मग सीडी कशीही हातात आली तरी एक खूण सुलट असते. तीन आणि सहा उलटे धरले की फसवतात, म्हणून प्रत्येक आकड्याखाली एक रेघ ओढायची. रेघ नेहमी खाली.

आणखी काही लिहायचे असेल तर वरच्या भागावर, हात हलका ठेवून, मोठ्या अक्षरांत दोन शब्द. त्यातला एक ‘ऑडिओ’ किंवा ‘एमपीथ्री’ असावा आणि जमल्यास वर्ष. गाण्यांची पूर्ण यादी सीडीवर लिहू नका. चालवणाऱ्याला ती वाचता येणार नाही आणि त्याने वाचूही नये. लिहून झाल्यावर पाच-दहा मिनिटे तशीच उघडी राहू द्या, फुंकर मारू नका. चूक झाली तर स्पिरिटने पुसायच्या भानगडीत पडू नका, एक आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा लिहा.

यादीची जागा

यादी पाकिटावर. सीडीचा व्यास १२ सेंटीमीटर, म्हणून पाकिटात सरकवायला तेवढाच चौकोनी जाड कागद कापा. वर मोठी खूण, अ-३, आणि खाली क्रमांकासह गाणी, शेजारच्या सीटवरच्या माणसाला हलत्या गाडीत वाचता येतील एवढ्या अक्षरांत. माझ्या आईला चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजे, हे माझे माप. सोळा गाणी एका बाजूला मावली नाहीत तर कागद उलटा, अक्षर लहान करू नका.

डिकीत सहा सीडींचा चेंजर, म्हणजे सीडी आपोआप बदलणारी पेटी, असेल तर तिथे स्टिकरचा विचारही नको, कारण अडकलेली सीडी काढायला अख्खी पेटी उघडावी लागते. आत गेलेल्या सीडी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून कुठल्या कप्प्यात कुठली खूण आहे याची एक चिठ्ठी डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि सीडी बदलली की ती त्याच वेळी बदला.

छापील नाव हवेच असेल तर वरून पांढऱ्या, छापता येणाऱ्या सीडी मिळतात. सीडी घेणारा इंकजेट प्रिंटर असला की थेट तिच्यावर छापता येते. कागद नाही, डिंक नाही, त्यामुळे गाडीला चालते. छापल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या, आणि पावसाळ्यात ओल्या हाताने धरू नका, शाई पसरते. नंतरच्या अभंगांच्या सीडीवर विठ्ठल मी असाच छापून घेतला.

नाव घातलेली सीडी डॅशबोर्डवर काचेखाली टाकू नका. उन्हाने मार्करची शाई विटते आणि ज्या रंगाच्या थरात गाणी आहेत तोही विटतो. सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात, पाकिटात घालून ठेवा. एवढे करूनही एखादी अडकलीच तर सुरी, पट्टी, चिमटा काही घालू नका. किल्ली फिरवून टेप चालू करा, बटण एकदाच दाबून धरा, आणि तरी आली नाही तर गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे जाईपर्यंत टेप बंद ठेवा.