आजोबांचं दुकान पुन्हा उघडताना

पहिले दोन महिने आम्ही काचेच्या कपाटांवर पैसे घालवले. कुणी जुनं दुकान पुन्हा सुरू करायला निघालं असेल तर एवढं तरी आमच्यावरून शिकावं.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान. आजोबांनी थाटलेलं, बाबांनी चालवलेलं. बाबांच्या आजारपणात तीन वर्षं बंद पडलं. 2021 मध्ये मी नोकरी सोडली, धाकटा भाऊ नुकताच बी.कॉम. झाला होता, आणि आम्ही दोघांनी फळ्या काढल्या. हो, फळ्याच. शटर नाही. एक ते नऊ आकडे घातलेल्या नऊ फळ्या. एकीचा क्रम चुकला की शेवटची खाचेत बसतच नाही. बाबा खुर्चीत बसून नुसते बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "कपाटं पुसून झाली असतील तर माळ्यावरच्या वह्या काढा."

त्या वह्यांनी दोन कामं केली.

पहिलं जागेचं. दुकान पागडीचं, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेलं, आणि भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने फाटत होती. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण येतं. बाबा आजोबांच्या हयातीत गल्ल्यावर बसत होते हे कशावरून? उधारीच्या वह्यांत पानोपानी बाबांचं अक्षर. मालक सरळ माणूस, वकिलाने वह्या समोर ठेवल्यावर पावती बदलून मिळाली. पण हे काम रंगरंगोटीच्या आधी करायचं असतं. आम्ही नंतर केलं आणि मधले दिवस झोप नव्हती.

दुसरं काम मालाचं. वही नीट वाचली की कुठल्या घरात कधी काय लागतं ते कळतं. श्रावणात नौपाड्यातल्या घरांना वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. चैत्रापासून उडीद, पापडखार, हिंग. आणि मार्च ते मे बाळकुम, कोलशेत, कळव्याच्या आगरी बायकांच्या वर्षभराच्या मसाल्याच्या लांबलचक याद्या: ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, धणे, दगडफूल, नागकेशर. बिस्किटं नि साबण मोबाइलवरून दहा मिनिटांत घरी येतात, त्यांच्याशी बरोबरी करू नका, हरालच. कांडपाची, म्हणजे मसाल्यासाठी कुटायची मिरची मात्र हातात घेतल्याशिवाय कुणी घेत नाही.

मिरची घ्यायला मी वाशीच्या मसाला मार्केटला गेले ती पाकिटावरची किंमत बघायची सवय घेऊन. पहिल्याच फेरीत फसले. वरचा थर लालभडक, आत दमट माल. आता आधी मूठभर घेऊन कानाशी हलवते. वाळलेली मिरची खुळखुळते, आत बी वाजतं. ओलसर असेल तर मुकाट वाकते. पाण्याचं वजन आपण मिरचीच्या भावाने विकत घेतो आणि आठवड्यात तेच वजन आपल्या दुकानात उडून जातं. गोणीच्या मधून माल काढून दाखवा म्हणायला लाजायचं नाही. आणि भाव धरताना हमाली, तोलाई, कळवा पुलावरून येणाऱ्या टेम्पोचं भाडं आणि देठांची घट, सगळं किलोमागे घालायचं. मी देठ विसरले होते. देठासकट मिरची बिनदेठाच्या भावाने मांडली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "काय गो पोरी, देठांचे पण पैसे घेतेस?" सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. 2021 मध्ये वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या वर गेली की साध्या नोंदणीवर भागत नव्हतं, परवाना काढावा लागे. आम्ही उलाढाल कमी धरली आणि सगळं पुन्हा केलं. अर्ज करताना आजची मर्यादा बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग, म्हणजे वजनमापं खात्याची तपासणी, दरवर्षी. 2022 मध्ये छोट्या दुकानांनाही मराठी पाट्यांची सक्ती झाली तेव्हा गल्लीत धावपळ. आमची पाटी आजोबांनी पेंटरकडून देवनागरीतच रंगवून घेतलेली, तिला फक्त वॉर्निश मारलं.

पुडी बांधायला शिका. वर्तमानपत्रात खाण्याचा जिन्नस बांधायला मनाई आहे, म्हणून कोरा खाकी कागद. कोन वळवून तळ मुडपायचा, माल भरायचा, तोंड दोनदा दुमडायचं आणि वर टांगलेल्या रिळातला दोरा डावीकडून दोन फेरे घेऊन बोटाला झटका देत तोडायचा. माझं बोट महिनाभर कापत होतं. बाबा आजही माझ्या निम्म्या वेळात बांधतात.

उरली जुनी उधारी. वह्यांत बरीच निघाली आणि भावाने हौसेने फोन लावले. थोडे पैसे आले. पण तीन घरं, आजोबांपासूनची, कायमची तुटली. त्यातली एक काकू अजून समोरच्या फुटपाथवरून जाते, इकडे बघत नाही. बाबांनी मग वह्या परत माळ्यावर टाकायला लावल्या. आता नवी उधारी फक्त आठ घरांना, महिन्याच्या 10 तारखेपर्यंत, आणि ती वही भावाच्या हाती देत नाही.