कॉल ग्राफमध्ये न दिसणारं फर्मवेअर

फर्मवेअरच्या (हार्डवेअरच्या आत बसून ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पहिल्या नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं: हजारो ओळींचा जुना सी कोड आणि ‘डॉक्सिजन चालवून बघ, रचना समजेल’ एवढाच सल्ला. सल्ला अर्धा बरोबर आहे. डॉक्सिजन, म्हणजे कोड वाचून त्याचं डॉक्युमेंटेशन बनवणारं साधन, १९९७ पासून आहे, फुकट आहे, आणि ग्राफविझ हे आकृत्या काढणारं साधन जोडलं की कोणतं फंक्शन कुणाला कॉल करतं याची चित्रंही (कॉल ग्राफ) काढून देतं. जरूर वापरा. पण चित्रात नाही म्हणजे वापरात नाही, असं एकदाही धरून चालू नका.

मी इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. कॉर्टेक्स-एम मायक्रोकंट्रोलरवर इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारा हार्डवेअरचा इशारा) आला की हार्डवेअर व्हेक्टर टेबलमधून, म्हणजे पत्त्यांच्या यादीतून, पत्ता उचलतं आणि थेट हँडलरवर, म्हणजे तो इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनवर, उडी मारतं. सी कोडमधली एकही ओळ त्या फंक्शनला कॉल करत नाही. ते टेबल बहुधा स्टार्टअपच्या असेंब्ली फाइलमध्ये असतं, आणि असेंब्ली डॉक्सिजनला कळत नाही. त्यामुळे ग्राफमध्ये हँडलर बिनवापराचा दिसतो. साफसफाई करताना तो काढून टाकला, तर कंपायलर काही बोलत नाही आणि लिंकरही नाही. कारण स्टार्टअप फाइलमध्ये त्याच नावाचं वीक सिम्बॉल, म्हणजे दुसरी व्याख्या नसेल तरच वापरलं जाणारं नाव, असतं. ते डिफॉल्ट हँडलरकडे नेतं, आणि तिथे सहसा नुसता अनंत लूप असतो. बिल्ड स्वच्छ होतो, आणि तो इंटरप्ट आला की बोर्ड जागच्या जागी अडकतो. हँडलरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी हेच होतं. म्हणून कुठलंही फंक्शन मोडीत काढण्याआधी स्टार्टअप फाइल उघडा, मॅप फाइल (काय कुठे बसलं याची लिंकरने दिलेली यादी) बघा, कॉलबॅक (नंतर बोलावण्यासाठी दिलेली फंक्शन्स) कुठे नोंदवलेत ते शोधा. फंक्शन पॉइंटरच्या (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) टेबलांचंही तसंच: कॉल कुणाला जाणार हे प्रोग्राम चालताना ठरतं, ग्राफ मात्र नुसता मजकूर वाचून बनतो.

मेकफाइलमधून कंपायलरला दिलेले मॅक्रोही डॉक्सिजनला आपोआप समजत नाहीत. ते डॉक्सिजनच्या ‘प्रीडिफाइन्ड’ सेटिंगमध्ये लिहिले नाहीत तर इफडेफमधला (मॅक्रो असेल तरच धरला जाणारा) अख्खा ड्रायव्हर गायब होऊ शकतो. एकाच कोडवर दोन बोर्ड चालत असतील तर डॉक्सिजनही दोनदा चालवा. आणि ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ ही कमेंट नसलेलंही सगळं दाखवणारी सेटिंग चालू करून पानं भरू नका. त्याने कमेंट नसल्याच्या वॉर्निंग बंद होतात, म्हणजे नेमकी जी माहिती हवी तीच जाते.

आपोआप कमेंट लिहिणाऱ्या साधनांवर माझा फारसा विश्वास नाही. ‘रजिस्टरमध्ये व्हॅल्यू लिहितो’ हे कोड वाचूनच कळतं. फ्लॅग साफ करण्याआधी स्टेटस रजिस्टर का वाचायचं, हा बफर डीएमए (प्रोसेसरला न विचारता मेमरीत डेटा हलवणारं हार्डवेअर) कधी बदलतं, ही डिले कोणत्या इराटामुळे (चिपच्या नोंदवलेल्या चुकीमुळे) आली, हे माणसानेच लिहावं लागतं. शिकवणारा निवडता आला तर देखणे आराखडे दाखवणारा नको. डीबगर जोडून शेजारी बसणारा निवडा.

पहिले काही महिने काहीच उमगत नाही असं वाटेल. तसं सगळ्यांनाच वाटतं, त्यात तुमची कुवत कमी नाही. सुरुवात इंटरप्टच्या यादीपासून करा, आणि ती हाताने लिहा: कोणता इंटरप्ट, कशामुळे येतो, प्रायॉरिटी किती, मेन लूपबरोबर कोणते व्हेरिएबल वाटून घेतो, ते व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचा, असं कंपायलरला सांगणारा शब्द) आहेत का. जिथे रकाना रिकामा राहील तिथे वरिष्ठांना विचारा. त्यांनाही उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून डेटाशीट उघडा, आणि सापडलेलं उत्तर त्याच दिवशी हँडलरच्या वर कमेंटमध्ये टाका.